स्वतःचा घास स्वतःच्या हाताने



‘ऑक्युपेशनल थेरपी’ म्हटले की पुष्कळांना ती नोकरी मिळवून देणारी एखादी योजना वाटते. मराठीत तिला व्यवसायोपचार म्हणतात. येथे व्यवसाय म्हणजे धंदा नव्हे. माणूस दिवसभरात जे जे करतो ते सर्व. बटणे लावणे, जेवणे, आंघोळ करणे, लिहिणे आणि लहान मुलांचे खेळणेसुद्धा. आजाराने, अपघाताने किंवा जन्मजात दोषाने ही कामे अडली, तर ती जमवून देणारे हे शास्त्र आहे. भारतात याच्या शिक्षणाचा पाया मुंबईतच घातला गेला. अमेरिकेत जन्मलेल्या कमलाबाई निंबकर यांनी १९५० साली के. ई. एम. रुग्णालयात पहिली शाळा सुरू केली.

हा उपचारक औषध देत नाही. काम कोठे अडते ते तो पाहतो आणि त्याप्रमाणे सराव, साधन किंवा पद्धत बदलतो. अर्धांगवायू झालेल्या माणसाने सदरा घालताना दुबळा हात आधी बाहीत घालावा आणि काढताना तो शेवटी काढावा. मूठ वळत नसेल तर चमच्याच्या दांड्याला कापड गुंडाळून तो जाड करावा. ताटाखाली ओले फडके ठेवले म्हणजे ताट सरकत नाही. युक्त्या साध्या, पण त्यामुळे माणूस स्वतःच्या हाताने जेवतो, ही काय थोडी गोष्ट आहे?

मुलांचेही तसेच. अक्षर वाईट म्हणून आपण मुलाला आळशी ठरवतो. त्याचे पाय बाकावरून लोंबकळतात का, पेन्सिल बोटांत ठरते का, हे आधी पाहावे. पायांखाली आधार, जाड पेन्सिल आणि कणकेचे गोळे मळण्याचा खेळ यांनीही पुष्कळदा फरक पडतो.

मातांना माझी एक विनंती आहे. मायेपोटी मुलाचे सारेच तुम्ही करू नका. बटण काजात अर्धे घालून द्या. शेवटचे ओढणे त्याला करू द्या. ते जमले की त्याच्या आधीची पायरी सोडा. वेळ लागेल, दूध सांडेल, सांडू द्या.

आणि अशा मुलाला घरात दडवू नका. २०१६ च्या कायद्याने चाळीस टक्के किंवा अधिक अपंगत्व असलेल्या मुलांना सहा ते अठरा वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क दिला आहे. आईबाप जन्मभर पुरत नाहीत. हाताला लागलेली सवय मात्र पुरते.