कायदा वाचणारी मुलगी
(मंडळाच्या वर्धापनदिनी दिलेले भाषण)



अशा प्रसंगी आहार, बालसंगोपन किंवा काटकसर यांपैकी एखादा विषय घ्यावा असा प्रघात आहे. मी आज जरा आडवाटेचा विषय निवडला आहे. तंत्रविज्ञान आणि सार्वजनिक कारभार यांची सांगड कशी घालावी, हे तरुण मुलामुलींना प्रत्यक्ष कामातून शिकवणारी अभ्यासवृत्ती असते. तिला सगळे फेलोशिप म्हणतात. तिच्याविषयी मला चार शब्द सांगायचे आहेत.

हा विषय आपल्या उंबरठ्याबाहेरचा आहे असे कोणी म्हणेल. पण पाहा, दूधवाल्याचे पैसे आपण मोबाईलवरून देतो, रेशनच्या दुकानात यंत्रावर अंगठा टेकतो, गॅसच्या टाकीची वर्दी फोनवर येते, नातवाचा गृहपाठही त्याच फोनवर येतो. या प्रत्येक व्यवहाराला काही ना काही कायदा लागू असतो. तो कायदा दिल्लीत होतो. मंजूर होण्यापूर्वी तो कोणी नीट वाचतो का, एवढाच माझा आजचा प्रश्न आहे.

न वाचण्याचे परिणाम काय होतात, त्याचे उदाहरण आपल्याच महाराष्ट्रातले आहे. २००० साली आपल्याकडे माहिती तंत्रज्ञानाचा कायदा झाला. त्याला २००८ च्या डिसेंबरमध्ये मोठी दुरुस्ती झाली. लोकसभेत त्या दिवशी गदारोळ चालू होता आणि ती दुरुस्ती चर्चेवाचून मंजूर झाली. तिच्यात ६६-अ नावाचे एक कलम होते. संगणकावरून वा फोनवरून कोणी फार आक्षेपार्ह मजकूर पाठवला, किंवा खोटे आहे हे ठाऊक असूनही दुसऱ्याला त्रास वा गैरसोय व्हावी म्हणून काही पाठवले, तर तीन वर्षांपर्यंत कैद, असा त्याचा आशय. आता ‘आक्षेपार्ह’ म्हणजे काय आणि ‘गैरसोय’ म्हणजे किती, हे कोणी ठरवायचे? तांदूळ न निवडता आधण ठेवावे आणि खडा दाताखाली आल्यावर कळावे, तसे झाले.

खडा लागला तो चार वर्षांनी. २०१२ च्या नोव्हेंबरात शिवसेनाप्रमुख बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर मुंबई आणि आसपासचा भाग बंद होता. त्या वेळच्या ठाणे जिल्ह्यातल्या पालघरच्या एका तरुण मुलीने त्या बंदविषयी फेसबुकवर दोन ओळी लिहिल्या. दुसरीने त्यांना पसंती दाखवली. दोघींना अटक झाली. पुढे जामीन मिळाला, खटलाही पुढे चालला नाही. परंतु तुमच्या-आमच्या घरात वावरणाऱ्या मुलींसारख्या त्या मुली होत्या, त्यांच्यावर हा प्रसंग आला.

ही बातमी वाचून दिल्लीची श्रेया सिंघल ही विशीतली विद्यार्थिनी स्वस्थ बसली नाही. तिने त्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयात अर्ज केला. २४ मार्च २०१५ रोजी न्यायालयाने ते कलम घटनाबाह्य ठरवून रद्द केले. तिचे कौतुक करावे तितके थोडे. पण मला वाटते, २००८ च्या डिसेंबरातच कोणी ते कलम एखाद्या खासदाराच्या टेबलावर ठेवून ‘साहेब, हे शब्द मोघम आहेत, यांचा अर्थ विचारा’ असे सांगितले असते, तर? पालघरच्या त्या दोघी मुलींना पोलीस चौकी पाहावी लागली नसती.

खासदारांना सरसकट दोष देण्यात अर्थ नाही. लोकसभेचे ५४३ सभासद. प्रत्येकाच्या मागे लाखो मतदार, त्यांची गाऱ्हाणी, लग्नकार्ये, दौरे. आज शेतीचे विधेयक, उद्या जहाजांचे, परवा संगणकाचे. एकट्या माणसाने सगळे कसे वाचावे? त्यांना वाचून, समजून, टिपण करून देणारे माणूस हवे. ते काम तरुणांना शिकवावे, ही या अभ्यासवृत्तीमागची कल्पना.

अमेरिकेत ती १९७३ साली सुरू झाली. तिथल्या विज्ञानसंस्थांनी सात शास्त्रज्ञ आणि इंजिनिअर निवडून एक वर्षासाठी संसदेत कामाला पाठवले. खासदारांना तंत्रविज्ञान समजावून सांगणारे एक सरकारी कार्यालयही १९७२ च्या कायद्याने निघाले होते. ते १९९५ साली खर्चाच्या कारणाने बंद पडले. अभ्यासवृत्ती मात्र चालू राहिली. कार्यालय बंद करता येते, पण एकदा तयार झालेली माणसे देशात कुठे ना कुठे उपयोगी पडत राहतात.

आपल्या देशात पी.आर.एस. लेजिस्लेटिव्ह रिसर्च या दिल्लीच्या संस्थेने २०१० साली असाच उपक्रम सुरू केला. त्याच्या इंग्रजी नावाची आद्याक्षरे जुळवली की ‘लॅम्प’ म्हणजे दिवा हा शब्द होतो. कोणत्याही शाखेचा पदवीधर अर्ज करू शकतो. वयाची मर्यादा पंचविशीची आहे. निवड झालेल्या प्रत्येक मुलाला वा मुलीला एकेका खासदाराबरोबर काम मिळते. पावसाळी अधिवेशनाला कामाची सुरुवात होते आणि अर्थसंकल्पी अधिवेशन संपले की शेवट. म्हणजे दहा-अकरा महिने. ही अभ्यासवृत्ती केवळ तंत्रविज्ञानापुरती नाही. परंतु आज कोणता कायदा संगणकावाचून राहिला आहे?

ती मुलगी तिथे करते काय? विधेयक आले की ते कलमवार वाचते. जुन्या कायद्याशी ताडून पाहते. मंत्र्यांना विचारायच्या प्रश्नांचे मसुदे करते. लोकसभेत एका दिवशी तोंडी उत्तराचे प्रश्न फक्त वीस असतात, त्यामुळे प्रश्न नेमका असावा लागतो. भाषणासाठी आकडे जमवते. हे सारे खासदारांच्या नावावर जाते. हिचे नाव कुठे छापून येत नाही, हिला मत नाही, आणि पुष्कळदा रात्र जागून केलेले टिपण बाजूलाही पडते. हेही मी आपल्याला सांगून ठेवते, कारण नुसती गोड बाजू सांगणे बरे नव्हे.

हे काम किती घाईचे असते ते पाहा. आपली खासगी माहिती जपण्याचा कायदा २०२३ साली झाला. खासगीपण हा मूलभूत हक्क आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी एकमताने दिला होता. त्यानंतर समिती झाली, मसुदे झाले, एक विधेयक २०२२ साली मागेही घेतले गेले. शेवटी नवे विधेयक ३ ऑगस्ट २०२३ रोजी लोकसभेत मांडले गेले आणि ९ ऑगस्टला राज्यसभेतही मंजूर झाले. चव्वेचाळीस कलमांचा कायदा, मधले दिवस सहा! अठरा वर्षांखालील मुलाची माहिती घेण्यापूर्वी आईबापांची संमती हवी, असे त्यात एक कलम आहे. ते आपल्या प्रत्येकीच्या घरचे आहे. आणखी एक गंमत म्हणजे, या कायद्यात स्त्री असो वा पुरुष, व्यक्तीसाठी ‘ती’ हेच सर्वनाम वापरले आहे. कायद्याच्या पानावर आपण आलो. आता कायदा करण्याच्या खोलीतही आपल्या मुली दिसाव्यात, असे मला वाटते.

इथे आपल्या मनात शंका येतील. पहिली पैशाची. विद्यावेतन मिळते, पण इंजिनिअर मुलीला कंपनीत मिळेल तेवढे ते नाही. एक वर्ष कमी पैशात काढावे लागेल. दुसरी, दिल्लीत एकटी राहणार कशी? पुण्या-मुंबईला नोकरीसाठी मुली एकट्या राहतातच. चांगली सोबत आणि चांगली जागा पाहून द्यावी. तिसरी, राजकारणाच्या चिखलात मुलीने का जावे? सगळे चांगले लोक काठावरच उभे राहिले, तर चिखल उपसणार कोण? आणि चौथी, जी आपण मोठ्याने बोलत नाही: लग्नाचे वय निघून जाईल. भगिनींनो, स्थळे पुढेही येतील. पंचविशीनंतर ही संधी मात्र येणार नाही. ‘पुढच्या वर्षी पाहू’ या एका वाक्यात किती मुलींची किती वर्षे गेली, ते आपणा सर्वांना ठाऊक आहे.

म्हणून माझ्या दोन विनंत्या आहेत. आपल्या ओळखीत कायदा, विज्ञान, अर्थशास्त्र, काहीही शिकणारी चुणचुणीत मुलगी असेल, तर तिच्या कानावर ही गोष्ट घाला आणि तिच्या आईवडिलांशी तुम्ही स्वतः बोला. मुलीने सांगितले तर हट्ट ठरतो. शेजारच्या काकूंनी सांगितले तर विचार होतो. दुसरी विनंती मंडळाला. महिन्यातून एक दुपार मंडळात एखाद्या विधेयकाचे वाचन ठेवा. विधेयके सर्वांना पाहायला खुली असतात. एखादी कॉलेजातली मुलगी वाचून अर्थ सांगेल, आपण शंका विचारू. जमले तर चार ओळींचे पत्र आपल्या खासदारांना धाडू. त्यातूनच कदाचित दिल्लीला जाणारी पहिली मुलगी निघेल.