लघवीच्या जागची गाठ : आधी तपासा तरी!

(अकोल्यातील कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेलं भाषण)



आपल्या वऱ्हाडात बाईच्या लघवीच्या दुखण्याला दोनच नावं आहेत. आग झाली की 'उन्हाळी लागली', आणि हाताला काही लागलं की 'अंग बाहेर आलं'. पण लघवीच्या तोंडाशीच मांस वाढू शकतं, हे तिसरं कुणाच्या ध्यानातच येत नाही.

अमरावतीकडच्या एका गावातल्या मावशी मला म्हणाल्या, "माय, लघवीले बसली का आग होते, लुगड्याले रक्त लागते. आता या वयात कोनाले दाखवू?" पाळी जाऊन बारा वर्षं झालेली. आठ महिने उन्हाळीच्या गोळ्या चालल्या होत्या. तपासलं कुणीच नव्हतं. तपासल्यावर लघवीच्या तोंडाशी वाटाण्याएवढा लाल कोंब निघाला.

याला डॉक्टर कारुंकल म्हणतात. पाळी गेल्यावर शरीरातलं इस्ट्रोजेन कमी होतं, तिथली त्वचा नाजूक होते आणि असा कोंब येतो. तो कॅन्सर नव्हे. त्रास नसेल तर नुसती नजर ठेवली तरी चालते. त्रास असेल तर कोमट पाण्याचा शेक आणि इस्ट्रोजेनचं मलम देतात. मात्र स्तनाचा कॅन्सर झालेला असेल तर मलमाआधी डॉक्टरांना ते सांगायलाच हवं. मलमानं भागलं नाही, कोंब मोठा असला किंवा शंका आली, तर तो काढतात.

दुसरी गाठ याहून विरळा, लायोमायोमा. गर्भाशयात फायब्रॉईड होतात, त्याच जातीची. ती पाळी चालू असलेल्या बायांत जास्त दिसते, गरोदरपणात वाढूही शकते. लघवी अडते, वरचेवर जंतुसंसर्ग होतो, संबंधाच्या वेळी दुखतं. तपासणी, सोनोग्राफी, दुर्बीण, लागलाच तर एमआरआय करून ती कुठून निघाली ते ठरवतात. शस्त्रक्रियेनं ती निघते, काही दिवस नळी ठेवतात. सहसा परत येत नाही.

पण क्वचित कॅन्सरही असाच दिसतो. म्हणून काढलेला तुकडा तपासणीला पाठवलाच पाहिजे, आणि त्याचा कागद बाईच्या हातात आला पाहिजे.

म्हणजे उपाय आहेत, अडतं ते तपासण्यापाशीच. डॉ. राणी आणि अभय बंग यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांत ६५० बाया तपासल्या. १९८९ साली 'लॅन्सेट'मध्ये ते छापून आलं. ९२ टक्के बायांना स्त्रीरोग होते. त्याआधी तपासणी झालेल्या होत्या फक्त ८ टक्के! दुखणं बोलायची लाज बाईला शिकवली गेली, आणि विचारायची तसदी व्यवस्थेनं घेतली नाही.

तेव्हा आपण काय करायचं? बचत गटाच्या बैठकीत हा विषय काढायचा. घरी आरसा घेऊन स्वतःचं अंग बघायला सांगायचं. पाळी गेल्यावर रक्त दिसलं, लघवी अडली किंवा गाठ लागली, तर गोळ्यांवर थांबायचं नाही. अमरावतीत डफरीन, अकोल्यात लेडी हार्डिंग ही सरकारी स्त्री रुग्णालयं आहेत. बाईसोबत आपण जायचं. डॉक्टर न तपासता चिठ्ठी लिहू लागले तर ठामपणे म्हणायचं, "डॉक्टर, आधी तपासा." शस्त्रक्रिया निघाली तर महात्मा फुले जनआरोग्य योजनेत बसते का, ते रेशनकार्ड दाखवून तिथंच विचारायचं.

बायांनो, हेही आपलंच अंग आहे. त्याचं नाव घ्यायला शिकू या.