सायकल-शर्यतींच्या काही आठवणी
(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



परदेशवासातील एखादी गंमत सांगावी, अशी कार्यवाहांची आज्ञा झाली. गंमत म्हणून आरंभ करतो. पुढे ती गंमत राहील याची हमी देववत नाही.

नोकरीनिमित्त आम्ही उभयता फ्रान्समधील ग्रेनोबल येथे बरीच वर्षे होतो. जुलैत ‘टूर द फ्रान्स’ ही धंदेवाईक स्वारांची तीन आठवड्यांची शर्यत आल्प्समध्ये आली, की शिदोरी घेऊन आम्ही रस्त्याकाठी जाऊन बसत असू. चार-चार तास वाट पाहावी, जाहिरातीच्या मोटारींतून उधळलेल्या टोप्या झेलाव्यात, आणि मग सपाटीवरून दीडशेहून अधिक स्वारांचा थवा पाऊण मिनिटात डोळ्यांपुढून नाहीसा व्हावा! एकदा आमच्या मातुःश्री बरोबर होत्या. “एवढ्यासाठी का ही माणसे उन्हात बसतात?” असे त्यांनी विचारले. आम्ही निरुत्तर झालो.

चढणीवर मात्र माणूस दिसतो. २१ जुलै २००४ रोजी आल्प द्युएझच्या एकवीस वळणांच्या घाटात स्वार एकेकटे सोडले होते. अंतर साडेपंधरा किलोमीटर. गर्दी अशी, की स्वाराला वाट मिळणे कठीण. पिवळी जर्सी ल्यालेला लान्स आर्मस्ट्राँग सर्वांच्या शेवटी सुटला, दोन मिनिटे आधी निघालेल्या इव्हान बास्सोला त्याने वाटेतच मागे टाकले आणि ३९ मिनिटे ४१ सेकंदांत माथा गाठला. कर्करोगातून उठलेला हा पुरुष! आमचे थोरले बंधू त्या वेळी पुण्यास त्याच व्याधीने अंथरुणास खिळले होते. त्याच रात्री आम्ही त्यांना आठ पानी पत्र लिहिले. ते त्यांनी अखेरपर्यंत उशाशी ठेवले, असे वहिनी सांगतात.

ऑक्टोबर २०१२ मध्ये उत्तेजक द्रव्यांच्या प्रकरणी आर्मस्ट्राँगची १९९९ ते २००५ पर्यंतची सातही विजेतेपदे रद्द झाली, आणि जानेवारी २०१३ मध्ये त्याने स्वतः कबुली दिली. ज्याला त्याने मागे टाकले, त्या बास्सोवरही २००७ मध्ये दोन वर्षांची बंदी आली होती. त्या सात वर्षांचा विजेता म्हणून कोणाचेच नाव लावलेले नाही.

२०१८ साली त्याच घाटात आम्ही पुन्हा उभे होतो. वेल्सचा गेरेंट टॉमस पिवळ्या जर्सीत जिंकला, तर लोकांपैकी काहींनी त्याची हुर्यो केली. आमचेही हात टाळीसाठी लवकर वर गेले नाहीत, हे आज कबूल करतो. त्याने काय केले होते? काहीच नाही.

गेल्या दिवाळीत वहिनींनी ते पत्र आम्हांस परत दिले. ‘दादा, हा मनुष्य उठला, तसे तुम्हीही उठाल,’ असे त्यात शेवटी लिहिले आहे. दादा २००५ च्या मार्चमध्ये गेले. त्यांना यातले काहीच कळले नाही, आणि ते जिवंत असते तर आम्ही कळवले असते की नाही, हे आम्हांस अद्याप ठरवता आलेले नाही.