टेलिफोनची नवी तार
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आजच्या समारंभात पाककला किंवा आरोग्य यांवर कुणी बोलले असते, तर ते आपणांस अधिक रुचले असते. पण हल्ली नेहरूनगरात जावे की चुनाभट्टीला, एकच प्रश्न कानी येतो: घरचा जुना टेलिफोन काढून इंटरनेटवरचा घ्यावा की नाही? म्हणून त्याविषयीच चार शब्द सांगते.

मुंबईत टेलिफोन १८८२ साली सुरू झाला. पण आपल्यासारख्यांच्या घरी यायला त्याला फार काळ लागला. अर्ज करून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे. चाळीत एकाकडे फोन, आणि बाकीच्यांनी त्याचाच नंबर 'पी.पी.' म्हणून द्यावयाचा! त्या फोनचा एक गुण मात्र आपल्या फारसा ध्यानात आला नाही. त्याची वीज आपल्या मीटरमधून येत नसे. तांब्याच्या तारेतून एक्स्चेंजमधल्या बॅटरीची सुमारे ४८ व्होल्टची वीज येई. म्हणून घरातले दिवे गेले, तरी साधा फोन चालू राही.

नवी तार काचेची आहे. तिच्यातून प्रकाश येतो, वीज नाही. घरात एक डबी बसवतात आणि टेलिफोन तिला जोडतात. ही डबी आपल्या घरच्या प्लगवर चालते. प्लग बंद, की फोन मुका. १२ ऑक्टोबर २०२० रोजी सकाळी जवळजवळ सबंध मुंबईची वीज गेली होती, हे आपणांस आठवत असेलच. अशा वेळी ही डबी काय कामाची?

तरीही नवी तार घेऊ नका, असे माझे म्हणणे नाही. पावसाचे पाणी केबलमध्ये शिरून होणारी ती खरखर काचेच्या तारेत नाही. फक्त घेण्यापूर्वी चार गोष्टी पाहाव्यात.

पहिली, डबीसाठी लहान बॅटरी घ्यावी. दोहोंवर लिहिलेले व्होल्ट जुळतात ना, हे दुकानातच पाहावे. दुसरी, जुना नंबर राहील का, हे आधी विचारावे. कंपनी बदलली तर बहुधा नवा नंबर मिळतो. मग बँक, शाळा, डॉक्टर, सर्वांना कळवणे आले. तिसरी, आकड्यांची चकती फिरवावयाचा जुना फोन पुष्कळशा नव्या डब्यांवर चालत नाही. तो आधी लावून पाहावा. चौथी, स्वयंपाकघरात दुसरा फोन असेल, तर त्याची जोडणीही त्याच दिवशी करून घ्यावी.

भगिनींनो, हा निर्णय बहुधा मुले घेतात, कारण इंटरनेट त्यांना हवे असते. पण दुपारी घरात एकट्या असतात त्या सासूबाई. मोबाइल त्यांना वापरता येत नाही, आणि छातीत कळ आली तर त्यांचा हात त्या कोपऱ्यातल्या फोनकडेच जातो. तेव्हा फोन बदलताना त्यांना समोर बसवावे, त्यांच्या हातून एकदा फोन लावून घ्यावा, आणि ११२ हा आकडा मोठ्या अक्षरांत लिहून भिंतीवर चिकटवावा.

माझी मंडळाला एक विनंती आहे. आपापल्या इमारतीत ज्या वृद्ध भगिनी एकट्या राहतात, त्यांच्या घरी नवी तार येईल त्या दिवशी आपल्यापैकी एकीने तेथे हजर राहावे. वीज गेली, की त्यांचे दार एकदा ठोठवावे. पूर्वी आपण शेजाऱ्यांचे निरोप पोचवीत होतो. त्यापेक्षा हे काम काही जड नाही.