दूरच्या गड्यांचा पट

१९७४ सालीं अमेरिकेंत गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन यांचा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ निघाला, तेव्हां गडी एका मेजाभोंवतीं बसत. आतां दूरदूरचे गडी ‘रोल-२०’वर पट मांडतात, ‘डिस्कॉर्ड’वर बोलतात. दोहींकडे खातें फुकट निघतें. सूत्रधार दुवा धाडतो, गडी आंत येतो. वीस बाजूंच्या फांशाचें दान सर्वांस दिसतें, (मेजाखालीं घरंगळलेल्या फांशाची सबब येथें नाहीं!).

धोका निराळाच आहे. परक्यानें धाडलेली क्यूआर खूण मोबाइलनें टिपून संमति दिली, कीं डिस्कॉर्डचें खातें त्याच्या हातीं जातें. दुहेरी पडताळणीहि तेथें लंगडी पडते. कारण दार मालकानेंच उघडलेलें असतें. खूण टिपावी ती स्वतः उघडलेल्या प्रवेशपानावरचीच.