नदीकाठची पट्टी

बोर्निओ बेटावर मलेशियाच्या साबा राज्यात किनाबातांगान नावाची ५६० किलोमीटर लांबीची नदी आहे. सुकाऊ गावाजवळ तिच्या काठच्या लाकडी लॉजमध्ये आम्ही तीन रात्री राहिलो. संध्याकाळी नावेतून निघालं, की काठच्या झाडांवर लांब नाकाची माकडं झोपायला आलेली दिसत. धनेश दिसले, मगर दिसली. एकदा तर हत्तींचा कळपच पाण्यात उतरला. मी हरखून नावाड्याला म्हटलं, "किती जनावरं आहेत हो तुमच्याकडे!" तो म्हणाला, "साहेब, त्यांना मागे सरकायला जागाच उरलेली नाही."

परतताना रस्त्यावरून ते दिसलं. दोन्ही बाजूंना मैलोन् मैल तेलताडाच्या रांगा. जंगल उरलंय ते नदीकाठच्या पट्टीपुरतं. २००५ साली त्याचं अभयारण्य झालं, तेही तुकड्यातुकड्यांचं.

जगात सर्वाधिक पामतेल आयात करणारा देश आपलाच. रेशनच्या पामतेलावर आमच्या घरचे कित्येक सण पार पडले, त्यामुळे त्याला नावं ठेवायला जीभ रेटत नाही. पण ते येतं कुठून, हे मी इतकी वर्षं कधी विचारलंच नव्हतं.