सातूचे मडके आणि खुलभर दूध

(कार्यकर्त्यांच्या अभ्यास शिबिरात दिलेल्या भाषणावरून)



तीसएक वर्षे मी महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकविले. निवृत्तीनंतर दर रविवारी वस्तीतल्या मुलांना गोष्टी सांगतो. जी संकल्पना फळ्यावरील आलेखातून उतरत नसे, ती गोष्टीतून सहज उतरते, असा माझा अनुभव आहे.

पंचतंत्रातील सातूच्या मडक्याची गोष्ट आपण सर्वांनी ऐकलेली आहे. भिक्षेतून उरलेले पीठ मडक्यात साठवून ब्राह्मण मनोराज्य करतो. पीठ विकून शंभर रुपये, त्यांच्या दोन शेळ्या, मग गाई, म्हशी, घोड्या, सोने, घर, लग्न, मुलगा. आणि अखेर रागाने झाडलेल्या लाथेने मडकेच फुटते. बचत, गुंतवणूक, भांडवलाची वाढ, जोखीम हे सारे धडे त्यात आहेत. परंतु 'मनोराज्य करू नये' एवढेच तात्पर्य सांगून आपण पुस्तक मिटतो.

एका रविवारी एका मुलीने विचारले, "सर, एवढ्याशा पिठाचे शंभर रुपये कसे येतील?" मी गोष्ट पुन्हा उघडली. उत्तर तेथेच होते : दुष्काळ पडला तर! म्हणजे ब्राह्मणाचे पहिले भांडवल शेजाऱ्यांच्या भुकेतून उभे राहणार होते. आयुष्यभर अर्थशास्त्र शिकवूनही हे वाक्य मी ओलांडून गेलो होतो, याची मला लाज वाटली.

१९४३ च्या बंगालच्या दुष्काळाविषयी अमर्त्य सेन यांनी १९८१ च्या ग्रंथात हेच मांडले. अन्नाच्या एकूण तुटवड्यापेक्षा भाववाढीपुढे मजुरांची क्रयशक्ती कोसळणे त्यांनी निर्णायक मानले. महाराष्ट्रातील १९७२ च्या दुष्काळानंतर १९७७ साली रोजगार हमीचा कायदा झाला, त्यामागील तर्कही हाच : माणसाच्या हाताला काम, म्हणजेच धान्य विकत घेण्याची ताकद.

दुसरी गोष्ट श्रावणी सोमवारच्या खुलभर दुधाची. राजाज्ञेने गावातले सगळे दूध गाभाऱ्यात ओतले गेले. मुले-वासरे उपाशी राहिली आणि गाभारा भरला नाही. म्हातारीने आधी घरातली मुलेमाणसे व गाईवासरे तृप्त केली, मग उरलेले खुलभर दूध आणले आणि गाभारा भरला. गरज आणि वाढावा यांचा क्रम याहून सोपा कसा सांगावा? पण तेथेही एका मुलाने मला अडविले : "म्हातारीकडे गायच नसती तर?" साधनांच्या मालकीचा प्रश्न त्याने कोणताही ग्रंथ न वाचता विचारला होता.

म्हणून एक विनंती. मुलांसाठी घोषणांच्या गोष्टी लिहू नका. दुष्ट सावकार आणि शहाणा कार्यकर्ता यांची गोष्ट मुले पहिल्याच पानावर ओळखतात व बाजूला ठेवतात. आहेत त्याच गोष्टी सांगा, तात्पर्य सांगण्याची घाई करू नका, आणि मुले विचारतील त्या प्रश्नापाशी थांबा. तो प्रश्न आपल्याला अडचणीचा असला, तरीही थांबा.